अटकेचे ठिकाण

सावलीहून गडचिरोलीकडे निघालं की व्याहाडनंतर वैनगंगेचा पूल लागतो. अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ला जिल्हा वेगळा झाला, पण आम्हा सावलीकरांच्या लेखी नदीचे दोन्ही काठ एकच राहिले. लेकी तिकडे दिलेल्या, दवाखाना तिकडचा, निम्मा बाजारही तिकडचा. रोवण्याच्या दिवसांत बायांच्या टोळ्या गाड्या भरून या पुलावरून जातात. मी किती वेळा गेलो त्याला हिशेब नाही. मात्र ७ मार्च २०१७ नंतर पूल ओलांडताना पलीकडच्या न्यायालयाची इमारत आधी डोळ्यांसमोर येते.

त्या दिवशी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना जन्मठेप, एकाला दहा वर्षं सक्तमजुरी. निकालपत्र ८२७ पानांचं. देशभर नाव झालं ते त्यातल्या एकाचं: दिल्ली विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे, पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीला बांधलेले प्रा. जी. एन. साईबाबा. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. मला इथे लिहायचं आहे ते चौथ्या आरोपीविषयी. प्रशांत राही. व्यवसाय पत्रकारिता.

राही हे घेतलेलं नाव. मूळ आडनाव सांगलीकर, मुळं महाराष्ट्रातली. बनारसमध्ये अभियांत्रिकीचं उच्च शिक्षण झालं आणि हा माणूस परत न येता उत्तराखंडच्या डोंगरात राहिला. ‘हिमाचल टाइम्स’मध्ये काम केलं, मग ‘द स्टेट्समन’चा वार्ताहर म्हणून डेहराडूनहून बातम्या पाठवल्या. तो काळ वेगळ्या राज्याच्या आंदोलनाचा, टिहरी धरणाखाली जाणाऱ्या गावांचा. बातमी द्यायला गेलेला माणूस हळूहळू ज्यांची बातमी त्यांच्यातच बसू लागला. पगाराची नोकरी सुटली. लिहिणं चालू राहिलं, चळवळ चालू राहिली. मुक्त पत्रकार आणि कार्यकर्ता, असं ज्याला आपण म्हणतो, ते हेच.

आमच्या भागात या वर्णनाचा माणूस भेटला की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, “कोणत्या पेपरचे?” तहसीलमध्ये, वनविभागात, नाकाबंदीवर, सगळीकडे हाच प्रश्न. मी स्वतः काही वर्षं तेंदूच्या मजुरीवर आणि धानाच्या चुकाऱ्यांवर लिहीत फिरलो आहे. एकदा रात्री एका नाक्यावर गाडी अडवली. कुठल्याच पेपरचा नाही, दिवाळी अंकासाठी लिहितो, असं मी सांगितलं. टॉर्चचा उजेड ओळखपत्रावरून माझ्या तोंडावर आला आणि बराच वेळ तिथंच राहिला. मला जाऊ दिलं. एवढंच झालं. पण त्या प्रश्नात काय दडलेलं असतं ते मला त्या रात्री कळलं. मागे कोण आहे, उद्या तू दिसला नाहीस तर फोन कोण करील, हे त्यात विचारलेलं असतं.

तालुक्याच्या वार्ताहरालाही आमच्याकडे पगार नसतोच. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडणुकीच्या जाहिराती मिळवायच्या आणि त्यावरच्या कमिशनवर भागवायचं. तरी त्याच्या खिशात वर्षभराचं कार्ड असतं, जिल्हा कार्यालयाचा नंबर असतो. मुक्त पत्रकाराकडे तेही नाही. पत्रकारांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रानं २०१७ साली कायदा केला. त्यातही पत्रकार कोण, तर कायम किंवा कंत्राटी म्हणून नेमलेला. नेमणूक नसलेल्यानं कुठे जायचं याचं उत्तर तो कायदा देत नाही.

राहींना दोनदा अटक झाली आणि दोन्ही वेळा ती एकाच तऱ्हेनं झाली.

डिसेंबर २००७. पोलिसांच्या कागदानुसार २२ तारखेला राहींना ऊधमसिंहनगर जिल्ह्यातल्या हंसपूर खत्त्याच्या जंगलात पकडलं. राहींचं म्हणणं असं, की १७ तारखेला त्यांना डेहराडूनमध्ये भर रस्त्यातून साध्या वेशातल्या माणसांनी उचललं आणि मधले दिवस मारहाणीत गेले. आरोप: माओवाद्यांचा विभागीय म्होरक्या. ऑगस्ट २०११मध्ये जामीन मिळेपर्यंत ते आत होते, म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त. बाहेर आल्यावर राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी ते धावपळ करू लागले. वकील गाठायचे, कागदपत्रं जमवायची, तुरुंगातल्यांच्या घरच्यांना भेटायचं. ज्या दारातून ते बाहेर आले होते, त्याच दाराशी दुसऱ्यांसाठी उभे राहिले.

सप्टेंबर २०१३. पोलिसांच्या कागदानुसार राही आणि छत्तीसगडचे विजय तिरकी यांना २ तारखेला गोंदिया जिल्ह्यात देवरीजवळ, चिचगड टी-पॉइंटवर अटक झाली. राहींचं म्हणणं, १ तारखेला छत्तीसगडमध्ये, रायपुरात उचललं. रायपूर ते देवरी हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. मध्ये एक राज्याची सीमा.

याच खटल्यातला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा विद्यार्थी हेम मिश्रा. अल्मोड्याचा, गाणी म्हणणारा, एक हात अधू. पोलिस म्हणाले, २२ ऑगस्ट २०१३ला अहेरीच्या बस स्थानकावर दोन आदिवासी तरुणांसोबत सापडला. तो म्हणाला, २० ऑगस्टलाच बल्लारशा रेल्वे स्थानकावर धरलं. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमट्यांकडे हात दाखवायला निघालो होतो, असंही तो म्हणाला. बल्लारशा आणि अहेरी आमच्या रोजच्या ओळखीची गावं. एक कोळसा, कागद आणि रेल्वेचं, दुसरं सागवानाच्या जंगलाच्या तोंडाशी. दोन्हींच्या मध्ये शंभर किलोमीटरच्या वर रस्ता आहे. एकच माणूस दोन्ही ठिकाणी पकडला जाऊ शकत नाही.

तीन अटका, आणि प्रत्येकीची दोन-दोन ठिकाणं. अटकेच्या नमुन्यात ‘अटकेचे ठिकाण’ असा एक रकाना असतो. तो भरायला एक ओळ पुरते. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर १९९६ला घालून दिलेले नियम या एका ओळीच्या भोवतीच आहेत: अटकेच्या वेळी कागद तयार व्हावा, त्यावर वेळ आणि तारीख असावी, घरच्या माणसाची किंवा त्या वस्तीतल्या प्रतिष्ठिताची सही असावी, नातेवाइकाला कुठे ठेवलं आहे ते कळवावं. राज्यघटनेचं २२वं कलम प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायला सांगतं. ठिकाण पुढे सरकलं की तासही पुढे सरकतात. ज्या दिवशी उचललं तो दिवस कागदावर येतच नाही, आणि त्या दिवसात काय झालं हे विचारायलाही जागा उरत नाही. म्हणून मला हा रकाना त्या ८२७ पानांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मोठ्या वर्तमानपत्राचा प्रतिनिधी १ तारखेला रायपुरात नाहीसा झाला असता, तर त्याच रात्री संपादकांचा फोन गेला असता, दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकट आली असती, आणि २ तारखेला तो देवरीत सापडला असं लिहिणं कठीण झालं असतं. राहींच्या मागे असा फोन करणारं कुणी नव्हतं. घरच्यांना कळेपर्यंत कागद तयार झालेला होता.

सरकार पक्षाची कहाणी अशी होती, की साईबाबांनी हेमजवळ एक मेमरी चिप दिली, ती त्या दोन आदिवासी तरुणांमार्फत जंगलात पोहोचायची होती, आणि या धाग्यावरून राही आणि विजय तिरकी सापडले. साईबाबांच्या दिल्लीच्या घराची झडती सप्टेंबर २०१३मध्ये झाली, अटक मे २०१४मध्ये. सगळा भार बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यावर, म्हणजे यूएपीएवर. या कायद्यात आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन मिळत नाही.

शिक्षा सुनावताना सत्र न्यायालयानं एक गोष्ट म्हटली, ती आम्हा या काठच्या माणसांना विसरता येत नाही. आशय असा, की १९८२पासून आजवर गडचिरोलीची स्थिती पांगळी आहे, नक्षलवाद्यांच्या भीतीनं उद्योग आणि विकास होत नाही, आणि अशा आरोपींना जन्मठेपही अपुरीच आहे.

नक्षलवाद्यांच्या हिंसेविषयी मला कुणाला काही पटवायचं नाही. लाहेरीजवळ ऑक्टोबर २००९मध्ये १७ पोलिस मारले गेले. १ मे २०१९ला जांभूळखेड्याजवळ स्फोटात १५ जवान आणि त्यांचा चालक गेला. खबऱ्या ठरवून रात्री घरातून ओढून नेलेल्या गावकऱ्यांच्या बायका मी पाहिल्या आहेत. ते दुःख खरं आहे आणि त्याची जबाबदारी बंदूक चालवणाऱ्यांची आहे. पण एका जिल्ह्याला ३५ वर्षं रस्ता, डॉक्टर आणि रोजगार मिळाला नाही याचा दोष खुर्चीत बसलेल्या प्राध्यापकाच्या आणि डेहराडूनच्या पत्रकाराच्या माथी मारला, तर ज्यांनी ही वर्षं कारभार केला ते सगळे आपोआप सुटतात. रोवणा करणाऱ्या बाईला विचारावं, गडचिरोली पांगळी कशानं राहिली. ती चार कारणं सांगेल, त्यात बंदूक असेल, पण एकटी नसेल.

इथं सावलीची एक जुनी आठवण. १९३६ साली गांधी सेवा संघाचं संमेलन आमच्या गावी भरलं आणि गांधीजी इथं राहून गेले. सावलीची खादी तेव्हा नावाजलेली होती. आम्ही ते लहानपणापासून अभिमानानं सांगत आलो. सांगताना हे मात्र विसरतो, की आमच्या गावी आलेला तो पाहुणा लेख छापल्याबद्दल राजद्रोहाची शिक्षा भोगलेला संपादक होता. मार्च १९२२मध्ये अहमदाबादेत ‘यंग इंडिया’तल्या तीन लेखांसाठी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी १९०८मध्ये ‘केसरी’तल्या लेखांसाठी टिळकांना तेवढीच, मंडालेला. इंग्रजांच्या त्या खटल्यांत अन्याय होता, पण निदान लेख न्यायालयाच्या टेबलावर होता. त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ काढता येत होता, टिळकांनी तर दिवसच्या दिवस तो काढला. राहींवरचा खटला त्यांनी छापलेल्या एखाद्या लेखावर उभा नव्हता. संघटनेचं सदस्यत्व, कट, जप्त केलेले कागद आणि हार्ड डिस्क, यांवर तो उभा होता. पत्रकार म्हणून आयुष्यभर जे लिहिलं ते न्यायालयात आलंच नाही. मग ते लिहिणं त्याच्या बाजूनं साक्ष कशी देणार? आजच्या काळात पत्रकाराला आत टाकण्याची ही रीत मला जुन्या राजद्रोहापेक्षा जास्त भयंकर वाटते. त्याच्यावर लिहिल्याचा आरोपच नसतो.

सुधीर ढवळे यांची गोष्ट याच रीतीनं गेली. नागपूरचे, आंबेडकरी चळवळीतले कवी, ‘विद्रोही’चे संपादक. २ जानेवारी २०११ला वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाहून मुंबईला परतताना वर्धा स्थानकावर पकडले गेले. तपास गोंदिया पोलिसांचा. मुंबईच्या घरातून पुस्तकं आणि संगणक उचलला. ४० महिने नागपूरच्या तुरुंगात काढले, मे २०१४मध्ये गोंदियाच्या न्यायालयानं निर्दोष सोडलं. जून २०१८ला पुन्हा अटक, या वेळी एल्गार परिषदेच्या खटल्यात. मुंबई उच्च न्यायालयानं ८ जानेवारी २०२५ला जामीन दिला, तेव्हा साडेसहा वर्षं उलटली होती, साक्षीदारांची यादी तीनशेच्या वर होती आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. पहिल्या ४० महिन्यांची भरपाई कुणी दिली नाही. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या नावापुढे उलट ‘पूर्वीही अटक’ असा एक शेरा जमा होतो आणि पुढच्या वेळी तो त्याच्याच विरुद्ध उपयोगाला येतो. राहींच्याही बाबतीत २००७ची अटक २०१३ला कामी आली, असं मला वाटतं.

याच एल्गार खटल्यात आमच्या गडचिरोलीचा महेश राऊतही गेला. तेंदू आणि बांबूचा हक्क ग्रामसभांनी स्वतः वापरावा म्हणून गावोगाव फिरणारा तरुण. सप्टेंबर २०२३मध्ये उच्च न्यायालयानं जामीन मंजूर केला तरी तो स्थगितीमुळे आतच राहिला. सर्वोच्च न्यायालयानं आजारपणासाठी तात्पुरता जामीन दिला तो सप्टेंबर २०२५मध्ये.

गडचिरोलीच्या शिक्षेवरच्या अपिलांकडे परत येतो. १४ ऑक्टोबर २०२२ला नागपूर खंडपीठात न्यायमूर्ती रोहित देव आणि अनिल पानसरे यांनी सगळ्यांना मोकळं केलं. कारण यूएपीएखाली खटला भरायला लागणारी मंजुरी. साईबाबांच्या बाबतीत ती खटला सुरू झाल्यावर आलेली, इतरांच्या बाबतीत तिच्यामागच्या अहवालात कारणंच नाहीत. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाचं खास पीठ बसलं आणि सुटका थांबली. एप्रिल २०२३मध्ये प्रकरण नव्या पीठापुढे पुन्हा ऐकायला परत आलं. ५ मार्च २०२४ला न्यायमूर्ती विनय जोशी आणि वाल्मिकी मिनेझिस यांनी सगळं नव्यानं ऐकून पुन्हा निर्दोष ठरवलं. या वेळी मंजुरीवरच न थांबता त्यांनी पुरावाही तपासला: जप्ती सिद्ध झाली नाही, इलेक्ट्रॉनिक पुरावा भरवशाचा नाही, आणि इंटरनेटवर सहज मिळणारं कम्युनिस्ट किंवा नक्षल विचारांचं साहित्य जवळ असणं हा आपल्या जागी गुन्हा नव्हे. कायद्याच्या सक्तीच्या तरतुदी मोडून चालवलेला खटला म्हणजेच न्यायाचं अपयश, असा त्यांचा निष्कर्ष. ११ मार्चला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती नाकारली.

मधल्या काळात, जानेवारी २०२२मध्ये, ऊधमसिंहनगरच्या न्यायालयानं राहींना पहिल्या खटल्यातून निर्दोष सोडलं होतं. १४ वर्षांनी. ती बातमी त्यांच्यापर्यंत आली तेव्हा ते महाराष्ट्राच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होते.

साईबाबा नागपूरच्या अंडा सेलमधून बाहेर आले आणि सात महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२४ला, हैदराबादेत गेले. आतमध्ये असताना त्यांची आई वारली, शेवटचं दर्शन मिळालं नाही. पांडू नरोटे तर तोवर राहिलाच नाही. एटापल्ली तालुक्यातल्या मुरेवाड्याचा हा तरुण, अहेरीच्या बस स्थानकावरच्या कागदातल्या त्या दोन तरुणांपैकी एक. २५ ऑगस्ट २०२२ला नागपुरात कैदेतच आजारानं मेला. वय ३३. पहिली सुटका त्यानंतर ५० दिवसांनी आली. साईबाबांसाठी दिल्लीत, हैदराबादेत, परदेशातही लोक रस्त्यावर आले. पांडूसाठी रस्त्यावर येऊ शकणारे सगळे मुरेवाड्यात होते, आणि तिथून नागपूर गाठायचं तर येण्याजाण्यात दोन दिवसांची मजुरी बुडते. मी या लेखात मुक्त पत्रकाराच्या मागे कुणी नसतं असं लिहिलं. पांडूच्या मागे त्याहूनही कमी होतं. त्याला “कोणत्या पेपरचे?” असं विचारायचीही कुणाला गरज पडली नाही.

जुलै २०२५मध्ये विधिमंडळानं विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केलं. कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्यासाठी, असं सांगितलं गेलं. पुढे ऑक्टोबरमध्ये गडचिरोलीतच भूपती म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव यानं साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं ठेवली. बंदुका खाली येत आहेत, याचा आनंद आमच्याइतका कुणाला होणार? पण बंदुका कमी होत असताना कायदे वाढत असतील, तर ते उद्या कुणावर चालणार, हे जंगलातल्या खाणीविषयी आणि ग्रामसभेविषयी लिहिणाऱ्यानं विचारलं पाहिजे. पलीकडे बस्तरात मुकेश चंद्राकर या तरुण पत्रकारानं रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार दाखवला आणि जानेवारी २०२५मध्ये त्याचं प्रेत विजापुरातल्या एका सेप्टिक टँकमध्ये सापडलं. विजापूर आणि आमच्यामध्ये एक इंद्रावती आहे.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी देवरीला गेलो. मुंबई-कोलकाता महामार्गावरून चिचगडचा रस्ता फुटतो तिथं उभा राहिलो. ट्रक, पानठेला, चहाची टपरी. टपरीवाल्याला २०१३मधलं काही आठवतं का विचारलं. त्याला आठवायचं काही कारण नव्हतं. त्यानं मला बसायला बाकडं पुढे केलं आणि रायपूरची गाडी पाहिजे असेल तर इथंच हात दाखवा, म्हणाला. किती वेळ लागतो, मी विचारलं. तीन तास, तो म्हणाला. चहा होईपर्यंत पूर्वेकडून येणाऱ्या गाड्या बघत बसलो. राही म्हणतात तसं झालं असेल, तर याच रस्त्यानं त्यांना आणलं असणार. कागदावर त्यांचा प्रवास या फाट्यावर सुरू होतो.